शहाणा चार्जर आणि आंजीचा खटका

मी अजून कुठूनच निवृत्त झालेली नाही. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि माझी सगळी नोकरी म्हणजे कॉलेज सुटल्यानंतरच्या दोन वर्षांच्या दुपारी. त्यामुळे निवृत्तांच्या सदरात कामाचे अनुभव लिहायला सांगितले तेव्हा मी संपादकबाईंना तीनदा विचारलं, की नक्की मीच का? त्या म्हणाल्या, "तुझं काम करून निवृत्त झालेली माणसं अजून तयारच झालेली नाहीत." ते मात्र खरं आहे.

मी वर्ध्याजवळच्या नालवाडीतल्या एका इलेक्ट्रिकलच्या दुकानात काम करते. ज्यांनी विजेवर चालणारी कार घेतली किंवा घ्यायची ठरवली, त्यांच्या घरी जाऊन कोणता चार्जर बसेल ते पाहायचं, हे माझं काम. दुकानाचे मालक इंगळे भाऊ. वायरिंगमध्ये त्यांचं आयुष्य गेलं, पण मोबाईलमधल्या ॲपशी त्यांचं पटत नाही. मला ॲप जमतं, पण ड्रिल मशीन हातात घेतली की मनगट थरथरतं. म्हणून आमची अशी वाटणी झाली.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आई-बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जातात. सुरुवातीला आई रोज विचारायची, "लोकायच्या घरी जाऊन तू पाहतं तरी काय?"

"मीटर पाहते, वायर पाहते, भिंत पाहते."

"आन् भिंत पाह्याचे पैसे देतेत?"

देतात, पण भिंत बघून काय समजतं ते सांगता आलं तरच. ते सांगायला शिकणं हीच माझी दोन वर्षं.

पहिल्यांदा मला जे कळलं त्याचं मला अजूनही नवल वाटतं. आपण भिंतीवरच्या ज्या डब्याला चार्जर म्हणतो, तो खरं म्हणजे चार्जर नसतोच. खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. भिंतीवरचा डबा फक्त चौकशी करतो. वायर नीट बसली का? अर्थिंग आहे का? गाडीला किती वीज चालेल? उत्तरं बरोबर आली की तो आतला खटका जोडतो आणि गप्प बसतो. म्हणजे तो एक सावध स्विच. मग एवढी निवड कशात करायची? आमच्याकडे तीन प्रकार असतात. पहिला, गाडीबरोबर येणारी वायर, जी जाड पिनांच्या सॉकेटात लावायची. ती तासाला तीन युनिट वीज देते. दुसरा भिंतीवरचा साधा डबा, तासाला सात. तिसरा 'स्मार्ट', तोही सातचाच, पण मोबाईलवरून चालू-बंद होणारा आणि घरात इतर किती वीज चालली आहे त्यावर लक्ष ठेवणारा.

लोकांना यातला मोठा आकडा हवा असतो. वर्ध्यातले एक कापसाचे दलाल होते. मला दारात पाहून त्यांनी माझ्या मागे पाहिलं.

"मिस्त्री कुठी हाय?"

"मीच आले आहे, काका. पाहणीला."

"बरं. मंग लिहून घे. शेजाऱ्याकडं सातचा हाय. मले बावीसचा पाहिजे."

"काका, तुमची गाडी तीनच्या वर घेतच नाही. डबा केवढाही लावा."

"मंग बाकीचे एकोणीस कुठी जाते?"

"कुठंच जात नाहीत. ते येतच नाहीत."

 माणूस व्यवहारातला, त्यामुळे न येणाऱ्या मालाची किंमत द्यायची नाही हे त्यांना लगेच पटलं. तरी शेवटी घेतला सातचाच. म्हणाले, "पुढं मोठी गाडी घीन तं कामी येईन. आन् तीनची वायर भिंतीवर लटकली का कपडे वाळू घातल्यासारखं दिसते."

स्मार्ट चार्जरच्या प्रेमात मी पडले ते मात्र रामनगरातल्या एका निवृत्त साहेबांमुळे. एकटेच राहायचे. त्यांच्या मुलीनं बेंगळुरूहून हट्टानं स्मार्ट चार्जर बसवायला लावला होता आणि ॲप स्वतःच्या मोबाईलमध्ये घेतलं होतं. एकदा तिचा दुकानात फोन आला. चार्जर बंद पडलाय का ते पाहून या, चार दिवसांत गाडी लावलेली दिसत नाही. मी गेले. चार्जर ठणठणीत होता, साहेब तापानं अंथरुणावर होते आणि त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला म्हणाले, "हा डबा चुगलखोर आहे." पण औषधाची चिठ्ठी त्यांनी माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं, की या डब्याला घर समजतं. हा समज घेऊनच मी आंजीला गेले, आणि तिथं माझी मोठी चूक झाली.

आंजी मोठी या गावच्या वैशालीताई वर्ध्यातल्या एका दवाखान्यात नर्स आहेत. ड्यूटी सकाळी सातची. पहिली एसटी धरली तरी वॉर्डात वेळेवर पोचणं व्हायचं नाही. म्हणून त्या वर्ध्यात एक खोली भाड्यानं घेऊन सोमवार ते शनिवार तिथं राहत, आणि सहा वर्षांची मुलगी, स्वरा, आंजीला आजोबांजवळ. नवरा, प्रमोदभाऊ, शेती पाहतो. दोघांनी मिळून जुनी विजेवरची कार घेतली ती एकाच कारणासाठी. वैशालीताईंना रोज रात्री घरी झोपता यावं. वैशालीताईंनी पहिल्या भेटीतच मला सांगितलं, "मले गाडीचं काही कौतुक नाही. मले सकाळी सहाले ती भरलेली पाहिजे. बस." वर्ध्याची खोली त्यांनी अजून सोडली नव्हती. घरमालकिणीला म्हणाल्या होत्या, महिनाभर थांबा, जमते का पाहतो.

मी घर पाहिलं. तीन फेजचं कनेक्शन, जुनं पण नीटनेटकं वायरिंग. घरात पाण्याची मोटर होती, गिझर होता. मी मनात म्हटलं, इथं स्मार्टच हवा. त्याच्याबरोबर एक लहानसं कडं येतं. मीटरजवळच्या वायरीभोवती ते बसवलं की घर किती वीज ओढतंय हे त्याला कळतं. गिझर चालू झाला की डबा गाडीची वीज कमी करतो, गिझर बंद झाला की वाढवतो. मी हे इतक्या उत्साहानं समजावलं, की वैशालीताई म्हणाल्या, "तू सांगतेस तर तोच लाव." जाताना मी आणखी एक सांगून ठेवलं: "सातचा आहे, रोज लावायची गरज नाही. गाडी खाली आली की एका संध्याकाळी भरून निघेल."

पंधरा दिवसांत त्यांचा फोन आला. सायंकाळी गाडी चार्जिंगला लावली होती, सकाळी पाहिलं तर नऊ टक्के. प्रमोदभाऊंनी मोटरसायकलवर वर्ध्याला सोडलं, तरी उशीर झालाच. मी कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, नेटवर्कचा प्रश्न असेल, बंद करून चालू करा. केलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. या वेळी मेट्रनबाईंनी वैशालीताईंना बोलावून सांगितलं, की नोकरी अजून कायम व्हायची आहे, हे लक्षात ठेवा. तिसऱ्यांदा उशीर झाला तर त्याही काही करू शकणार नव्हत्या.

वैशालीताई फोनवर चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, "मामाजी म्हणतात, सूनबाई, खोलीवरच राह्य. मंग सोमवारपासून खोलीवर जातो मी. स्वराले अजून सांगितलं नाही."

मामाजी म्हणजे त्यांचे सासरे, बाबूराव. तो दिवस शुक्रवार होता.

मी इंगळे भाऊंना विचारलं काय करू. ते वायरचं भेंडोळं मोजत होते. "कंपनीवर ढकल. डबा त्यायचा, लफडं त्यायचं." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "नाई ढकलत, दिसते. जा मंग. पण तिथं जाऊन डब्याले हात नको लावू. आधी नुसतं बसून पाहजो."

शनिवारी दुपारच्या एसटीनं मी आंजीला गेले. खरं सांगायचं तर नुसतं बसून काय पाहायचं ते मला कळत नव्हतं. वैशालीताई ड्यूटीवरून आल्या, त्यांनी गाडी लावली आणि स्वराला घेऊन आत गेल्या. मी ओसरीत बसले, मोबाईलवर ॲप उघडून. त्यात दोन आकडे दिसत होते. गाडी किती घेते आणि घर किती घेतं. समोर मामाजी अंबाडीच्या दोरीला पीळ घालत होते.

"काय पाहून राह्यली, पोरी?"

"तुमचं घर किती वीज खातं ते."

"घर खाते का? मले वाटलं मीच खातो."

आतून स्वरा हसली. मी वहीत दर पंधरा मिनिटांनी आकडे लिहीत होते. पंखा आणि फ्रिज. मग मोटर लागली तसा घराचा आकडा वर गेला आणि गाडीचा खाली आला. अगदी मी सांगितलं होतं तसंच. मोटर बंद झाली, गाडीचा आकडा वर. मला डब्याचा अभिमान वाटला आणि कोडं आणखी गडद झालं. एवढं नीट चालतंय, मग बिघडतंय कुठे?

दिवे लागले. गिझरही लागला. थोड्या वेळानं ओसरीतला बल्ब पिवळा पडायला लागला. मामाजींनी वर पाहिलं, दोरी खाली ठेवली, उठले, दाराआड गेले. कटक असा आवाज आला. बल्ब झक्क उजळला. मामाजी येऊन पुन्हा पीळ घालू लागले. त्यांच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

मी मोबाईलकडे पाहिलं. दिवे चालू, गिझर चालू, आतून टीव्हीचा आवाज येतोय. आणि ॲपमध्ये घराचा आकडा शून्य.

"मामाजी, आत्ता काय केलं तुम्ही?"

"कुठी काय केलं?"

"दाराआड जाऊन."

"थे व्हय? फेज बदलली."

"रोज बदलता?"

"रोज नाई तं काय सणावारी? दिवेलागणीले पहिली फेज बसते. तिकडं चक्की सुरू होते ना. मंग दुसरीवर टाकाची. दुसरी गेली का तिसरीवर. अर्धं गाव हेच करते. तुमच्या इकडं नाई करत?"

"आमच्या घरी एकच फेज येते. ती गेली की आम्ही अंगणात बसतो."

दाराआड मी आधीही गेले होते. पाहणीच्या दिवशी तो काळा, चुना उडालेला खटका मी पाहिला होता आणि जुना, बंद पडलेला समजून पुढं गेले होते. आता सगळं एकदम उलगडलं. तीन फेज म्हणजे घरात येणाऱ्या तीन वेगळ्या वाटा. माझं कडं पहिल्या वाटेवर पहारा देत बसलं होतं. मामाजींनी घर दुसऱ्या वाटेवर नेलं की कड्याला वाटायचं, घरात कुणीच नाही. मग घराबरोबर दुसऱ्या वाटेवर आलेला तो शहाणा डबा गाडीला पूर्ण वीज द्यायचा, वरून गिझर, आणि त्या फेजचा फ्यूज उडायचा. मामाजी तिसरीवर टाकायचे, घरात उजेड यायचा. पण खटका फिरवतानाचा क्षणभराचा खंड चालतो, मिनिटभर वीज जाऊन आली की मात्र हा डबा मालकाच्या परवानगीची वाट पाहत बसतो, तशी त्याची पद्धत. मोबाईलवर होकार कोण देणार? सगळ्यांना वाटायचं गाडी भरते आहे.

मी घाईनं गाडीची वायर काढायला लावली. मग विचारलं, "मामाजी, फ्यूज उडत होता ना?"

"उडे. आता नाई उडत." त्यांचा आवाज अभिमानाचा होता. "म्या परवा जाड तार टाकली."

मी लगेच उठले. मेन बंद करून चिनी मातीचा फ्यूज ओढला तर तो हाताला गरम लागला. मागच्या वायरीचा रंग करपट झाला होता. फ्यूज उडतो तो घर वाचवायला. जाड तार टाकल्यावर फ्यूज उडत नाही, वायर तापत राहते. भिंतीच्या पलीकडे स्वराचं अंथरूण होतं. मी हे सांगितलं तेव्हा मामाजींनी एकदा त्या भिंतीकडे पाहिलं आणि आत जाऊन स्वराचं अंथरूण ओढून ओसरीत आणलं.

मी भाऊंना फोन केला आणि रात्री तिथंच राहिले. रविवारी सकाळी इंगळे भाऊ सामान घेऊन आले. सगळे ओसरीत उभे होते. मी रात्रभर पाठ केलेलं एकदाच बोलून टाकलं. "चूक डब्याची नाही आणि मामाजींचीही नाही. पाहणी माझी होती. खटका मी पाहिला होता आणि विचारलं नाही."

"मंग काऊन नाई विचारलं?" मामाजी म्हणाले.

"मला वाटलं जुना आहे, बंद असेल."

"मी बी जुना हाय. बंद दिसतो का?"

प्रमोदभाऊ हसले, इंगळे भाऊही हसले. मला हसू आलं नाही, पण श्वास आला.

इंगळे भाऊंनी उपाय सांगितला. कडं खटक्याच्या अलीकडून काढून पलीकडे बसवायचं, म्हणजे घर कुठल्याही फेजवर गेलं तरी डब्याला दिसेल. डब्याची परवानगीची सवयही ॲपमधून बदलता येते. बरोबर होतं ते. काम अर्ध्या तासाचं. तेवढ्यात वैशालीताईंनी मला विचारलं, "प्रणाली, खरं सांगजो. मी रोज जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर जातो. मले हा एवढा लागते का?"

हा प्रश्न पहिल्या दिवशी मी स्वतःला विचारायला हवा होता. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. चाळीस किलोमीटरला सहा-सात युनिट. गाडीबरोबर आलेल्या वायरीनं तासाला तीन. म्हणजे दोन-अडीच तास. दुपारी चारला लावली तर दिवेलागणीच्या आत गाडी भरते, कुणाच्या फ्यूजवर भार न टाकता. फक्त रोज लावायची, थोडी-थोडी.

"नाही लागत," मी म्हटलं.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. विकलेली वस्तू परत घ्या असं दुकानाच्या माणसानं गिऱ्हाइकासमोर सांगायचं नसतं, एवढं मला कळत होतं. ते थोडा वेळ पक्कड हातात फिरवत राहिले. मग त्यांनी भिंतीवरून डबा उतरवायला घेतला.

त्या दिवशी आम्ही एक जाड सॉकेट बसवलं. त्याला स्वतंत्र वायर, स्वतंत्र ब्रेकर, घरामागच्या वाड्यात नवा खड्डा खणून वेगळं अर्थिंग. करपलेली वायर बदलली, फ्यूज काढून तिन्ही फेजना ठरलेल्या क्षमतेचे ब्रेकर लावले. सॉकेटला वीज घेतली ती मामाजींच्या खटक्यातूनच. तो बंद करा म्हणायचं माझ्या मनात होतं, पण मामाजींशी बोलल्यावर तो विचार सोडला. चक्की केव्हा सुरू होते, शेतातल्या मोटरी कोणत्या आठवड्यात रात्रीच्या असतात, कोणती फेज कधी बसते, हे त्यांच्याइतकं कुठल्याच कड्याला माहीत नव्हतं. फक्त गाडी लागलेली असताना फेज बदलली तर चार्जिंग आपोआप पुन्हा सुरू होतं का, ते पाहायचं होतं. मामाजींनी दहा वेळा खटका फिरवला, दहाही वेळा मी आणि स्वरा गाडीवरचा हिरवा दिवा लागायची वाट पाहत उभ्या राहिलो. दहाही वेळा लागला.

"आता माह्यावर भरवसा का डब्यावर?" मामाजींनी सुनेला विचारलं.

"तुमच्यावर, मामाजी. पण ती जाड तार मले द्या."

त्यांनी खिशातून तारेचा तुकडा काढून दिला.

संध्याकाळी आम्ही नालवाडीला परतलो. दुकानाचं शटर उघडताना भाऊ म्हणाले, "पाहणीच्या कागदात एक रकाना वाढव. या घरात रोज कोन उठून काय करते, ते विचाराचं." तो रकाना मी हातानं आखून घेते. त्यात लोक काय काय सांगतात! कुणी दुपारी फ्रिज बंद ठेवतं, कुणी उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी टाकतं, एक आजी वीज चमकली की मेन पाडून टाकतात. पूर्वी मला घर म्हणजे मीटर आणि भिंत वाटायचं. आता आधी माणसं उठताना-बसताना पाहावीशी वाटतात. चार्जर त्यानंतर ठरतो. कुणाला स्मार्टच लागतो, आणि तेव्हा मी तो आनंदानं देते.

सोमवारी सकाळी मी कॉलेजच्या वाटेवर होते. सातला पाच मिनिटं असताना वैशालीताईंचा एकच शब्द आला, 'पोचली.' पुढच्या सोमवारीही आला. मग यायचा बंद झाला, आणि मला त्याचाच जास्त आनंद झाला.

महिन्याभरानं वायर तापत नाही ना हे पाहायला मी पुन्हा आंजीला गेले. चार वाजायला आले होते. वैशालीताईंची गाडी आली ती मागच्या काचेपर्यंत भरलेली. शेगडी, बादली, दोन पातेली आणि गुंडाळलेली गादी. वर्ध्याची खोली त्या सोडून आल्या होत्या. वायर कोण लावणार यावरून स्वरा आणि प्रमोदभाऊ भांडत होते. मामाजींनी कुणाची वाट न पाहता गादी खांद्यावर घेतली, ओसरीपर्यंत नेली आणि नाक मुरडून खाली टाकली.

"सूनबाई, हे उद्या उन्हात घालजो," ते म्हणाले. "खोलीचा वास येऊन राह्यला."